कंदिलाच्या पुढं सहाजणी

अंधारात पळताना कंदील पुढं धरायचा नसतो, मागं धरायचा असतो. हे मला आक्कानं शिकवलं. आक्का काही माझी सख्खी बहीण नव्हे. आमच्या दाराला लागून तिचं दार. मी नवी नवरी होऊन गावात आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली ती तीच, म्हणून आक्का. मी तिला विचारलं होतं, "पुढं उजेड न्हाय तर पाय कुटं टाकायचा?" तर म्हणाली, "पाय वाट वळकत्यात, येडे. उजेड मागं कोण ऱ्हायलं ते बघायला असतोय." हे बोलणं मी किती वर्षं देवाच्या नावासारखं धरून बसले होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमचं गाव होटगीच्या रस्त्यापासून जरा आत, आणि सोलापूरची गिरणी तिथून दीड कोस. गावातल्या आम्ही सातजणी वायंडिंग खात्यात होतो, म्हणजे सूत बाबिनीवर गुंडाळायचं काम. गिरणीचे भोंगे तीन. पहिला झाला की अंथरूण सोडायचं, दुसरा होईतो रेल्वेचे रूळ ओलांडलेले पाहिजेत, आणि तिसऱ्याला गेट बंद. उन्हाळ्यात तिसऱ्या भोंग्यापर्यंत चांगलं फटफटीत व्हायचं. थंडीत मात्र गेटात शिरेपर्यंत सगळा काळोखच. मग लवकर का निघत नव्हता, असं कुणी आता शहाणपणानं विचारतं. अहो, घरात घड्याळ होतं का आमच्या? आणि चूल कोण पेटवणार, पाणी कोण आणणार, नवऱ्याचा काढा कोण उकळणार? बाईच्या जातीला निघायला उशीर व्हायचाच. म्हणून पळायचं.

पळायचं कसं, तेही आक्कानंच शिकवलं. कासोटा घट्ट मारायचा. बांगड्यांना चिंधी गुंडाळायची, म्हणजे पडलं तरी काच हातात शिरत नाही. भाकरीचं फडकं पाठीला नको, पोटाला बांधायचं. चाकोरीत पाय घालायचा नाही, दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून पळायचं. समोरून बैलगाडी आली की आधी आपण ओरडायचं, कारण गाडीवान झोपलेला असतो आणि बैलांना काय, ते आपले चालत राहतात. अक्कलकोटाकडचे कानडी गाडीवान दचकून "यारव्वा?" करायचे, म्हणजे कोण गं बाई? आणि आम्ही खिदळत पुढं. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, थांबून खाली वाकायचं. गडी माणूस अंधारात उभा दिसला तर गप्प व्हायचं नाही, उलट मोठ्यानं भांडायला लागायचं, कुणाशीही. आमच्यातल्या मावशीला हे फार छान जमायचं. ती नसलेल्या सुनेला अशा शिव्या घालायची की ऐकणारा माणूस वाट सोडून शेतात जायचा.

ही मावशी सगळ्यांत पुढं. तिचा आवाज खणखणीत, आणि वाट तिच्या पायाखालची. दुसरी आक्काची धाकटी बहीण. मग तिघी एकामागं एक. सहावी मी. आणि कंदील घेऊन सातवी आक्का. कंदिलाच्या पुढं सहाजणी, मागं कुणीच नाही, हा नेम. शंभर-दीडशे पावलं झाली की मावशी न थांबता, न वळता ओरडायची, "हाय का गं?" आणि दुसरीपासून ओळीनं प्रत्येकीनं म्हणायचं, हाय, हाय, हाय. सहा हाय मोजून झाले की मावशी पुढं. एक जरी कमी आला तर सगळ्यांनी जागीच थांबायचं आणि आक्कानं कंदील घेऊन बघायचं. भोंगा होवो नाहीतर काही होवो.

हे नुसतं बोलायला नव्हतं. एकदा तिघींतल्या एकीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आम्ही सगळ्या रस्त्यात बसलो, काटा काढला आणि सातीजणी गेट बंद झाल्यावर पोचलो. मुकादमीण आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आली, पण आत घेतलं. घेईल नाहीतर काय करील? सात बायका एकदम कुठून आणणार होती? तेव्हापासून आम्हांला वाटायचं, आपल्याला कुणी हात लावू शकत नाही. पडलो तर एकमेकींत पडू.

मग मंदीची वर्षं आली. गिरण्या कमी दिवस चालायला लागल्या. गेटाबाहेर बदलीवाल्या बायकांची रांग लागायची. बदली म्हणजे कुणी आलं नाही तर त्या दिवसापुरतं तिच्या जागी काम. पूर्वी त्या रांगेत पाच-सहाजणी दिसायच्या, आता गेटापासून पिंपळापर्यंत. आमच्यातही एक बदलीवाली झाली होती, आक्काची धाकटी बहीण. खात्यातल्या काही जागा कमी केल्या, त्यात तिची गेली. नवऱ्यानं आधीच टाकलेली. तरी ती रोज आमच्याबरोबर पळायची आणि रांगेत जाऊन उभी राहायची. मुकादमीण आक्काचं जरा ऐकायची, म्हणून रांगेत तिचा पहिला नंबर असायचा. पण कुणाचा खाडा व्हायलाच तयार नाही. दोन महिने ती पोर उभी राहून परत यायची.

खाडे केले ते मी. माझा नवरा पिंजणखात्यात होता, त्याच्या छातीत कापूस बसला. तो घरी खोकत पडलेला, पोरगी तीन वर्षांची, आणि सगळं घर माझ्या एका जागेवर. त्याला रक्त पडलं त्या दिवशी एक खाडा. दवाखान्यात नेलं तेव्हा दुसरा. मुकादमीण माझ्या चात्यांशी, बाबिनी फिरतात तिथं, येऊन म्हणाली, "बाई, आता एक दिवस जरी चुकलीस तर जागा ग्येली म्हणून समज. बाहीर किती हुब्या हायत्या, दिसतंय की." आक्का शेजारच्याच चात्यांवर होती. संध्याकाळी परत येताना मी रडले तर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "मी मागं हाय की. तुला कशी ऱ्हाऊ देईन?" माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. थंडी कडाक्याची, धुकंही होतं. ओढ्यावरच्या मोरीची कड गाडीच्या चाकानं तुटली होती, ते मला माहीत नव्हतं. पाय पोकळीत गेला आणि मी खाली ओढ्यात. पाठीवर आपटले. घोट्यातून अशी कळ गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे छातीतला वारा गेला. तोंड उघडतंय, आवाज नाही. पण भ्यायले नाही. खरंच सांगते, तिळभर भ्यायले नाही. कंदील मागून येतोय हे मला ठाऊक होतं.

आला. मोरीवर थांबला. आक्कानं हात लांब करून उजेड खाली धरला, माझ्या तोंडावर. मी हात वर केला. तिनं बघितलं, मी तिच्या डोळ्यांत बघितलं. पुढून मावशी ओरडली, "हाय का गं?" धुक्यातून एकेक यायला लागलं. धाकटीचं हाय. मग तिघींचं. मग माझी पाळी. मी तोंडानं नुसती हवा ओढत होते. पुढं सगळं शांत. दोन श्वास झाले असतील. आणि आक्का, माझ्याकडं बघत, बारीक आवाजात म्हणाली, "हाय."

माझा आवाज बारीक आहे. तिनं माझा आवाज काढला.

मग स्वतःच्या जाड्या आवाजात पुन्हा एकदा, "हाय." आणि कंदील गेला.

आणि मी किती मूर्ख, तुम्हांला काय सांगू! मला वाटलं, बायकांना बोलवायला गेली असेल. एकटीच्यानं मला वर काढवणार नाही, म्हणून बाकीच्यांना घेऊन येईल. मी त्या थंडगार वाळूत पडून वाट बघितली. दुसरा भोंगा झाला तेव्हासुद्धा मनात म्हणत होते, आता येतील.

आला तो कडब्याची गाडी घेऊन चाललेला एक कानडी गाडीवान. त्यानं मला वर ओढलं, कडब्यावर बसवलं आणि गिरणीच्या दारात सोडलं. गेट बंद. मुकादमीण जाळीपाशी आली आणि म्हणाली, "तुझी जागा भरली." मी विचारलं, "कुणाला दिली?" तिनं आक्काच्या बहिणीचं नाव घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तळपायाची आग मस्तकात गेली. पायावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून जाळीला धरून राहिले.

रात्री जेवणवेळेला आक्काच्या दारात गेले, भिंतीला धरत. ती भांडी घासत होती. मी म्हटलं, "आक्का, तू मला बघितलंस." मला वाटलं, नाही म्हणेल, शपथा घेईल. तिनं राखेचा हातसुद्धा थांबवला नाही. "व्हय, बघितलं."

"मग?"

"तुला नवरा तरी हाय घरात. तिला कोण हाय? मी कुटवर पोसू?"

"मग मला मागायचीस की जागा."

तेव्हा तिनं मान वर केली. "मागितली असती तर दिली असतीस?"

नसती दिली. कशी दिली असती? पोरीच्या तोंडातला घास काढून देणार होते का? मी भिंत धरून मागं वळले. तिला वाटलं, ती जिंकली. म्हणाली, "आता बोंब मारू नगं. धाकलीला यातलं ठावं न्हाय, तिला कळू दिऊ नगं. तुझी बी लागंल की बदली." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या घोट्यासाठी आंबेहळदीचा गरम लेप वाटीतून पाठवला. मी वाटीसकट उकिरड्यावर फेकला. नवरा म्हणाला, "अगं, औषधावर कशाला राग?" त्याला काय सांगू? केसानं गळा कापला की रक्त दिसत नाही, नुसतं गिळता येत नाही.

आठ दिवसांनी पाय टेकायला लागला. आता मला गेटाबाहेरच्या रांगेत उभं राहायचं होतं, आणि त्या वाटेनं अंधारात एकटीनं जाण्याची सोय नव्हती. गेले त्यांच्यातच. माझी जागा तशीच सहावी, मागं तोच कंदील. पाठीवर उजेड पडत होता आणि मला शिसारी येत होती. मावशीनं हाळी दिली, "हाय का गं?" धाकटीचं आणि तिघींचं, अशी चार उत्तरं आली. माझी पाळी आली. मी मुद्दाम गप्प राहिले.

नेमाप्रमाणं सगळ्या थांबल्या. मावशी पळत मागं आली. "काय झालं गं? पडलीस?"

मी म्हटलं, "पडले न्हाय. त्या दिवशी पडले व्हते. ओढ्यात पडले तवा माझ्या जागी 'हाय' कोण म्हणालं, ते इचारा कंदीलवालीला. आज बी तिनंच म्हणावं."

कुणाला फोड करून सांगावं लागलं नाही. त्या दिवशी सहा हाय सगळ्यांनी ऐकले होते, आणि मी गिरणीत नव्हते हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी आठ दिवसांत एकीनंही विचारलं नव्हतं. आक्कानं कंदील खाली ठेवला. तिघी एकमेकींकडं बघत होत्या. धाकटीनं तोंडावर हात नेला, मला म्हणाली, "ताई, मला म्हाईत न्हवतं, देवाशपथ."

"मग आता झालं की म्हाईत," मी म्हटलं.

मला वाटलं, आता मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटेल. नसलेल्या सुनेला एवढ्या शिव्या देणारी बाई, ही तर समोर उभी. मावशीनं तोंड उघडलंही. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला, आणि रूळ अजून पुढं होते.

सगळ्यांची डोकी एकदम गिरणीकडं वळली. गेटाबाहेरची ती रांग प्रत्येकीच्या डोळ्यांपुढं आली असणार. माझ्याही आली. मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, ह्ये सांजच्याला बोलू. आता पळा गं." ती पळाली. तिघी पळाल्या. आक्कानं कंदील उचलला. धाकटी तेवढी उभी होती, रडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, लांब जाणाऱ्या उजेडाकडं बघितलं, आणि तीही पळाली.

माझ्या दुखऱ्या पायाला तेवढा वेग नव्हता. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. रुळांपलीकडून मावशीची हाळी ऐकू आली, "हाय का गं?" पाच हाय आले, लागोपाठ, मध्ये कुठंही न अडता. या खेपेला माझा आवाज काढायची कुणाला गरज पडली नाही.