खलनायकाच्या हातचा विडा

गेल्या महिन्यात चंद्रपूरच्या एका कॉलेजात व्याख्यान ऐकलं. विषय: जगभर गाजलेल्या एका कॉमिकमधल्या खलनायकाचं ‘क्विअर वाचन’. तोंड रंगवून हसत हिंडणारा तो. नाव लिहीत नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. व्याख्याते बाहेरून आले होते. गळ्यात खादीचा पंचा, हातात पाण्याची बाटली, आणि दर दोन वाक्यांनंतर डोळे मिटून घ्यायची खोड. खलनायक नायकाला हातात सापडूनही मारत नाही, गुन्हे करतो तेही नायकानं धावत यावं म्हणून, म्हणजे हा द्वेष नव्हेच, पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम आहे, असं त्यांनी तासभर सांगितलं. लोक माना डोलवत होते. आणि शेवटी साहेब म्हणाले, "अर्थात, ग्रामीण प्रेक्षकांपर्यंत हे वाचन पोचायला अजून वेळ लागेल."

मला हसू आलं, आणि संताप त्याहून जास्त आला. या माणसाला जे पुस्तकांच्या ढिगात सापडलं, ते आमच्या गावच्या बायांनी धान कापून आल्यावर, चादरी पांघरून, तणसाच्या पेंढ्यांवर बसल्या बसल्या ओळखलं होतं.

आलापल्लीजवळच्या आमच्या गावात धान निघालं की नाटक होतं. रात्री सुरू होतं, उजाडता उजाडता संपतं. आमच्या मंडळाच्या मास्तरांनी एका वर्षी त्याच कॉमिकवरून नाटक रचलं, आणि मग दरवर्षी तेच होऊ लागलं. नायक मी होतो, कारण माझा आवाज मोठा आणि अक्कल बेताची. खलनायक माझा मित्र. शिंपीकाम करायचा, बोलायचा कमी. तोंडाला सफेदा आणि ओठाला कुंकू फासून तो उभा राहिला की मी संवाद विसरायचो. पहिल्याच वर्षी पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हा त्याले मारत काऊन नाई वो? याचा जीव हाय त्याच्यावर!" शेजारची म्हणाली, "मंग! दिसून नाई राह्यलं का तुले?" बस. झालं तुमचं क्विअर वाचन. बाटलीचं पाणी लागलं नाही की पंचा लागला नाही.

तिला दिसलं ते खरं होतं. मलाही दिसत होतं, आणि ते एकतर्फी नव्हतं, हेही इथेच लिहून टाकतो. तालमीनंतर त्याच्या दुकानात मी उगाच बसून राहायचो. तो माझ्या झग्याला टाके घालायचा. पुन्हा उसवून पुन्हा घालायचा. एवढंच. पण त्या एवढ्याशावर मी वर्षभर जगायचो.

आमच्या मंडळाची एक रीत होती. नाटक संपलं की खलनायकानं सगळ्या गावासमोर नायकाला विडा द्यायचा. नायकानं अर्धा खायचा, अर्धा त्याला भरवायचा. नाटकातलं वैर मांडवातच राहावं, म्हणून. तीन वर्षं आम्ही असा विडा खाल्ला. वर्षभरात तो एकच क्षण असा होता की चारचौघांत त्याच्या हाताला हात लावता यायचा आणि कोणाला काही वाटायचं नाही.

चौथ्या वर्षी वाटलं. माझं लग्न ठरलं होतं. त्यानं विडा पुढे केला आणि मागून काही टवाळ पोरं ओरडली, "घे ना बे! बायको देऊन राह्यली!" सगळा मांडव हसला. रंगमंचावर होतं तोवर ज्यांना प्रेम गोड वाटत होतं, तेच हे लोक. मला त्यांची किळस आली. आणि मी काय केलं? माईक ओढला आणि नायकाच्या आवाजात म्हणालो, "विडा देणारी येऊन राह्यली माझ्या घरी! तुझा तू खा!"

टाळ्या पडल्या. तशा टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. तो अर्धवट पुसलेल्या तोंडानं उभा होता. सफेदा कानाशी राहिला होता. त्यानं विडा सगळाच्या सगळा स्वतःच्या तोंडात घातला आणि खाली उतरला. पुन्हा तो नाटकात आला नाही. दुकान अहेरीला नेलं. माझं लग्न झालं, मोडलं. त्या बाईचा काही दोष नव्हता.

म्हणून त्या व्याख्यात्याची मला कीव येते. तो खलनायकाचं मन वाचत बसला. खलनायकाचं मन कोणालाही वाचता येतं, बिचारा ते तोंडावर रंगवूनच येतो. वाचायचाच असेल तर तो दुसरा वाचा, टाळ्या घेणारा.

व्याख्यानानंतरच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, मी अहेरीला गेलो. पानवाल्याकडून विडा बांधून घेतला. मित्राच्या शिलाईच्या दुकानात गेलो, गिऱ्हाईक नव्हतं. त्याचे केस पिकलेत, चष्मा लागलाय. मला बघून त्यानं मशीन थांबवली नाही. मी विडा पुढे केला. म्हणालो, "माझं चुकलं. तेव्हाच घ्यायला पाहिजे होता."

त्यानं दोरा तोडला, कापड बाजूला ठेवलं, आणि आधी माझ्याकडे, मग माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"तवा सारं गाव होतं," तो म्हणाला. "आता इथी एकट्यात देऊन राह्यला?"

"मग?"

"बाहेर चल. बाजारात दे. मी खातो."

तो खरंच उठला. चष्मा काढून ठेवला आणि दारात जाऊन उभा राहिला. बाहेर आमच्या गावचेही बरेच लोक होते. मिरच्यांच्या ढिगापाशी माझा चुलतभाऊ भाव करत होता. चार पावलांचं अंतर होतं.

मी विडा खिशात घातला, येतो म्हणालो आणि आलापल्लीची गाडी धरली.