बाईनं सोडलेला खर्रा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याच्या शाळेत हजेरी घेत होतो. माझी थोरली बहीण सुमनबाई गेली... धानाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, साप चावला. सावलीजवळच्या तिच्या गावी पोचलो, तर ओट्यावरची मंडळी खर्रा चघळत बसलेली. त्यातला एकजण म्हणाला, खर्रा सोडून तरी तिला काय मिळालं, गेलीच ना. त्याची कॉलर धरावीशी वाटली. महिना होऊन गेला, राग गेलेला नाही, म्हणून उत्तर इथं देतो.

आमची ही बाई धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, बायांची म्होरकी. शेतमालकानं मजुरीसोबत बायांना खर्रा द्यायचा, हा तिथला रिवाज. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला तो ऐवज गालात धरूनच बाया चिखलात उतरतात. बाईही कित्येक वर्षं तशीच उतरली. मग तिच्या तोंडात दोन बोटं जाईनात, साधं वरण झोंबायला लागलं. डॉक्टरांनी आजच सोड म्हटलं आणि तिनं खरंच त्याच दिवशी सोडला. पंधरा दिवस डोकं धरून बसायची, भाऊजींवर खेकसायची... पण पुडीला हात लावला नाही. उलट पुढच्या हंगामात मालकाला बजावलं, बायांना खर्रा नको, फुटाणे आण. खर्र्याबिगर कुठं रोवणी होते का, म्हणून तो हसला.

“रोवणी हातानं होते भाऊ, तोंडानं नाई,” बाई म्हणाली.

काय मिळालं? तोंड पुरतं कधीच उघडलं नाही, पण आग थांबली. भूक परतली. मिरचीची भाजी ती पुन्हा चवीनं खाऊ लागली, लग्नांत मोठ्यानं गाणी म्हणू लागली. अशी नऊ वर्षं. साप चावला म्हणून ती वर्षं वाया गेली असं ज्याला वाटतं, त्यानं आधी स्वतःचं तोंड उघडून दाखवावं.

तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढतात. भाऊजींनी भात, वडे वाढले आणि कडेला हळूच खर्र्याची पुडी ठेवली. मी अडवलं.

“लय आवडे तिले,” ते म्हणाले. “आता खाल्ला तं का होते?”

डोळे भरलेले होते त्यांचे. माझेही. तरी मी बोललोच.

“तिनं सोडला होता, भाऊजी. मेल्यावर सुरू कराले लावू नोका.”

 भाऊजींनी पुडी उचलली. तेवढी जागा आम्ही रिकामीच ठेवली.