बिनआवाजाचा पंखा

नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की दुष्काळातली ती संध्याकाळ आठवते. टँकरसाठी ड्रम रांगेत लावून मी क्रांती चौकात गेलो, टीव्हीला जोडायचा पहिला कॉम्प्युटर घ्यायला. सिनेमा बघताना घरघर नको म्हणून दुकानात कॉम्प्युटरच्या आत बसवायचा एकेक पंखा कानाशी धरून ऐकत बसलो आणि पाणी विसरलो. परतलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचे ड्रम भरून घेतले बरं का. आमचा नंबर येईस्तोवर टँकर सरला." मी नुसता हसलो आणि घरात जाऊन कॉम्प्युटर जोडला. पंखा लई शांत निघाला. इतका, की भिंतीपलीकडं काकू तांब्यानं ड्रमचा तळ खरवडत होत्या, ते स्वच्छ ऐकू आलं. आणि मी, सांगायला आजही जीभ रेटत नाही, सिनेमाचा आवाज वाढवला.