बिनलग्नाच्या बापाची बैठक

पिंपळगाव रेणुकाईचा कारभारी गिरणीवाला चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचाच होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. बहीण गोजरबाई तापानं वारली. मेहुण्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि चार दिवस सांभाळा म्हणून दीड वर्षाची बेबीनंदा मामाकडं आणून टाकली. ते चार दिवस काही संपले नाहीत. मेहुणा पुन्हा फिरकलाच नाही.

कारभारीनं गिरणीतच झोळी बांधली. पोरगी खडखडाटात गाढ झोपायची आणि लाइट जाऊन गिरणी थांबली की जागी होऊन भोकाड पसरायची. बायका दळण ठेवता ठेवता तोंडाला पदर लावायच्या.

त्यातच चौऱ्याण्णव साली टीव्हीवर ‘बाबा बिनलग्नाचा’ नावाची मालिका लागली. मुंबईतला एक कारकून, त्याच्या गळ्यात अचानक पोर पडतं. मंग काय विचारता! बुधवारी सगळं गाव सरपंच अप्पारावांच्या ओट्यावर. लाइट नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे. आणि गुरुवारी जो तो गिरणीत येऊन कारभारीला बाप कसं व्हायचं ते शिकवायचा. पोरीला टबात बसव म्हणे. प्यायच्या पाण्याचे हाल, आणि म्हणे टब!

अशात जाफराबादहून मेहुण्याची बहीण तुळजाबाई पोर मागायला आली. तिला मूलबाळ नव्हतं, बाई मायाळू होती. भावकीची बैठक बसली. बाप्याकडं लेकीची जात ठेवायची का? नेमकी त्याच आठवड्यात मालिकेतही पोराची आत्या दारात येऊन उभी राहिली होती. झालं! अप्पारावांनी मिशीवरून हात फिरवत बैठक तहकूब केली. मालिका काढणारी माणसं शिकलेली, त्यांनी काही विचार केलाच असेल, बुधवारी बघू आणि मंग ठरवू. धन्य ती भावकी! आठवडाभर कारभारीनं पोरीला नजरेआड होऊ दिलं नाही.

बुधवारी तुळजाबाई नवा फ्रॉक घेऊन ओट्यावर हजर. कारभारी पोरीला कडेवर घेऊन खांबापाशी उभा. टीव्ही लागला, आणि मालिका बंद झाल्याचं निवेदिकेनं गोड हसून सांगितलं. त्याऐवजी फवारणीचा पंप कसा धुवायचा ते दाखवलं. न जाणो, पंपातूनच काही निर्णय निघेल म्हणून लोक शेवटपर्यंत बघत बसले. मग मालिका परत सुरू होईस्तोवर थांबावं का, असं अप्पारावांनी विचारलं.

“सरपंच,” कारभारी म्हणाला, “आठ दिस झाले, तुम्ही त्या मुंबईवाल्याचं बघून राह्यले. पोरगी पायजे का, असं मला कोणी इचारलंच न्हाई.”

तुळजाबाईनंच विचारलं, “मंग पायजे का?”

“पायजे ना, बाई.” एवढं बोलला आणि भल्या गड्याला रडूच कोसळलं.

तुळजाबाईनं फ्रॉक बेबीनंदाच्या अंगाला लावून पाहिला. बराबर होता. तो कारभारीच्या हातात देऊन, बटनं मागून लावायची असतात एवढं सांगून ती जाफराबादच्या जीपकडं निघाली.