स्लीपिंग बॅगचा नमुना

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धान्याच्या गोदामात बत्तीस वर्षं नमुने काढत होते. पोत्याच्या तोंडाशी टपोरा दाणा आणि पोटात खडे, हे त्यांनी रोज पाहिलेलं. टोकदार पोलादी नळी पोत्यात खुपसायची, आतले मूठभर दाणे काढायचे आणि मगच तोंड उघडायचं. निवृत्त होताना ती नळी त्यांनी मागून घेतली. अजून बिस्किटांचा पुडा खालून फोडतात. माझ्या लग्नात मुलीकडचे म्हणाले, मुलगी शांत आहे. तेव्हा दाजी माझ्या कानात हळूच म्हणाले होते, "वरवर." त्यांचा अंदाज बरोबर निघाला, पण तो विषय वेगळा.

यंदा भाचीने त्यांना डोंगरात पाच दिवस पायी न्यायचं ठरवलं. बाप-लेक दोघंच. दाजी सहा महिने जिने चढून तयारी करत होते. पण पाठीचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांची अट अशी की पाठीवर सात किलोच्या वर काही नको. भाचीनेही बजावलं, "काटा सातच्या पुढे गेला तर बाबा, तुम्ही घरी." दाजींची रजई एकटीच अडीच किलोंची. तेव्हा हलकी स्लीपिंग बॅग घेणं आलं.

दुकानातल्या बाईंनी पपईएवढी गुंडाळी पुढे ठेवली. "सातशे ग्रॅम."

"आत काय आहे?"

"बदकाची पिसं. पोटाजवळची मऊ लव असते ना, ती."

"तुम्ही पाहिलीत?"

"शिवलेली असते हो काका."

"अस्सं. शिवलेली."

बाई समजावू लागल्या: ऊब पिसांत अडकलेल्या हवेची असते, फक्त बॅग ओली होऊ द्यायची नाही. दाजींनी मला कोपराने ढोसलं. "ऐकलंस? आत हवा आहे, आपल्या तोंडानेच सांगतेय."

शेजारी कृत्रिम धाग्याची दीड किलोची जाडजूड बॅग होती. दाजींचा जीव तिच्यावर, कारण ती हाताला लागत तरी होती. पण तिच्याने काटा सातच्या पार जात होता. भाचीने पिसांचीच घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन. "लवकर ये. घरात कापूस पिकलाय."

गेलो तर दाजी पलंगावर बसलेले, मिशीला लव, भुवयांना लव. मांडीवर बॅग, हातात नळी. नमुना काढून झाल्यावर नळीचं टोक भोकावर दोनदा आडवं ओढलं की तागाचे धागे सरकतात आणि भोक बुजतं. हे बत्तीस वर्षांचं कसब त्यांनी त्या तलम कापडावर चालवलं होतं. भोकाची वीतभर फाट झाली होती.

"अस्सल आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "मुठीत धरून बघ. ऊब लागते."

भाची आली, फाट बघितली आणि सरळ चिकटपट्टी शोधायला लागली. दाजींना हेच जास्त संशयास्पद वाटलं. संध्याकाळभर दोघांनी चिमटीचिमटीने लव आत भरली आणि वर चिकटपट्टी लावली. पूर्ण भरलेल्या पाठपिशवीचं वजन सहा किलो आठशे. दाजी पोरासारखे हसले.

निघायच्या सकाळी भाचीने पिशवी पुन्हा काट्याला लावली. सात किलो दोनशे.

"काटा बिघडलाय," दाजी म्हणाले.

भाचीने पिशवी उलटी केली, तळाची चेन उघडली आणि थेट तळाशी हात घातला. मोजा निघाला. मोज्यात नळी.

"हे कशाला, बाबा?"

"वाटेत कोण काय खायला घालील, भरवसा आहे का?"

"मग ही जाईल, नाहीतर तुम्ही. ठरवा."

दाजींनी नळीकडे पाहिलं, मग लेकीकडे. एक सुस्कारा सोडून नळी माझ्या हातात दिली. "सांभाळ. आणि बापाला उलटं करून तपासणारी ही पोरगी कुणावर गेली, ते तुझ्या ताईला विचार."

"मला कशाला? सगळं गोदाम सांगेल," ताई आतून म्हणाली.

जिना उतरताना ते थांबले. "बाळ, माझ्या पिशवीत खालून हात घालायचं तुला सुचलं कसं?"

"वरून बघून कधी कळतं का, बाबा?"

तेवढ्यावर दाजी इतके खूश झाले की उरलेल्या पायऱ्या कठडा न धरता उतरले.