यान जाईपर्यंत

रॉकेट उशिरा सुटावं म्हणून चामुंडेश्वरीला नवस बोललेली बाई अख्ख्या म्हैसुरात एकच असेल, आणि ती म्हणजे कुवेंपुनगरच्या नर्मदाबाई.

बाईंना रॉकेटशी काही देणंघेणं नव्हतं. ते वेड यजमानांचं. अंबाजीराव जन्मभर विम्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या मरणाचे कागद तपासून कंटाळलेला हा माणूस घरी आला की आकाशात जायचा. पूर्वज म्हणे महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते. हे मात्र जिना चढतानाही कठडा धरत. पण कुठलंही यान सुटायचं असलं की टीव्हीसमोर ताठ बसत. मांडीवर फोन आणि फोनवर त्यांच्यासारख्याच अवकाशवेड्यांचा ग्रुप. समुद्रावरची हवाई वाट अमुक दिवशी बंद राहील अशी विमानांसाठी नोटीस निघाली की ही मंडळी तारीख आधीच ओळखत. यान कक्षेत पोचेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही, असा त्यांचा दंडक. “आत माणूस नाही काणूस नाही, आणि उपाशी आम्ही,” असं म्हणून नर्मदाबाई फोडणी घालायला निघून जात.

मग अंबाजीरावांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भुवन नावाचा ऑटोवाला सकाळी दारात येई, दुपारी अर्धमेला माणूस परत आणून सोडी. दोन वर्षं त्यांनी हूं की चूं केलं नाही. आणि एक दिवस पायांत गोळे आलेले, अंगभर खाज सुटलेली, अशा अवस्थेत घरी आले आणि दारातच म्हणाले, “मला साकु झालं, नर्मदा. आता पुरे. बिडु, सोडून दे हे सगळं.”

डॉक्टरांनी सांगितलं, थांबवलं तर आठवडा, फार तर दोन. बेंगळुरूचा मुलगा विश्वजीत फोनवर भांडला, रडला आणि शेवटी आईवर सोडून मोकळा झाला. पण बाई पक्की. दूरच्या ताऱ्यांभोवतीची धूळ पाहायला एक यान महिन्याभरात जायचं होतं. ते कागदावर होतं तेव्हापासून अंबाजीराव त्याच्या पाठी होते. बाईंनी तेवढाच धागा धरला. “ते तुमचं यान जाईपर्यंत तरी चला,” म्हणाल्या.

अंबाजीरावांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, “गेलं की मला कुणी धरायचं नाही. तू पण नाही. वचन दे.”

त्यांनी दिलं. आणि दुसऱ्याच दिवशी बसने टेकडीवर जाऊन देवीपुढे पदर पसरला.

पहिल्यांदा कुठलीशी झडप गळू लागली आणि तारीख पुढे गेली. अंबाजीराव हिरमुसले, नर्मदाबाई स्वयंपाकघरात जाऊन हसल्या आणि त्याच पदराने डोळे पुसले. देवीला लिंबांची माळ गेली. मग वरचा वारा आडवा आला. पुन्हा माळ. तिसऱ्यांदा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं आणि टीव्हीवर कोळ्यांची उडालेली छपरं दिसली, तेव्हा मात्र बाई घाबरल्या. गालांवर चापट्या मारून घेत पुटपुटल्या, इतकं नको ग आई, मी थोडंच मागितलं होतं.

“नोटीस आली का?” असं त्या आता रोज विचारत. अंबाजीरावांना वाटलं, म्हातारपणी का होईना, बायकोला गोडी लागली. मशीनवरून आल्यावर बोलायचं त्राण नसे, तरी उशीला टेकून ते तिला समजावत, कुठला टप्पा केव्हा गळून पडतो, यान एकटं कसं पुढे जातं. बाई ऐकत. नवऱ्याने आयुष्यात इतकं कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते आपण चोरून मिळवतोय ही बोच त्यांना जेवू देत नसे. असे चार महिने निघाले.

शेवटी नोटीस आली. रविवार सकाळ. वारा नाही, ढग नाही, निमित्त म्हणून काही उरलेलं नाही. दोघं टीव्हीसमोर बसली. शेवटच्या मिनिटांत मोजणी अचानक थांबली. कसलासा आकडा जुळत नव्हता.

नर्मदाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. अंबाजीरावांनी ते पाहिलं आणि ग्रुपवर लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “भिऊ नका, आमच्या घरातनं देवीला गाऱ्हाणं चाललंय.” सगळीकडून नमस्कार येऊ लागले. बाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते पुढे वाकले होते, सुजलेला हात गुडघ्यावर, ओठ हलत होते. हा चेहरा त्यांनी चार महिन्यांत पाहिला नव्हता. हा माणूस त्या मशीनवर निमूट पडून राहिला तो या पाच मिनिटांसाठी, आणि आपण त्याच्या तोंडचा घास ओढतोय.

जोडलेल्या हातांनीच त्यांनी मागणं फिरवलं. जाऊ दे, आई.

मोजणी पुन्हा सुरू झाली. जाळ दिसला, धूर दिसला, आणि यान गेलं. कक्षेत पोचल्यावर तिकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, अंबाजीरावांनीही वाजवल्या, आणि मग लहान मुलासारखे रडले. नर्मदाबाईंनी पानं वाढली. दोन घास कसेबसे गेले.

संध्याकाळी त्यांच्याने राहवेना. “मी उलटं मागत होते,” त्या म्हणाल्या. “दर वेळी.”

“ठाऊक आहे. सण नाही काय नाही, कपाळभर कुंकू लावून यायचीस.” अंबाजीराव छताकडे पाहत होते. “खरं सांगू? तारीख पुढं गेली की मला पण बरं वाटायचं, ग. वरवर चिडायचो.”

“मग मंगळवारी मशीनवर जाऊया. एकदाच.”

त्यांनी तिचा हात हातात घेतला. “राहावंसं वाटतं, नर्मदा. सोसवत नाही.”

नर्मदाबाई दुसऱ्या हाताने त्यांचे पाय चेपू लागल्या.

मंगळवारी ऑटोचा हॉर्न वाजला. नर्मदाबाई एकट्याच खाली गेल्या. आजपासून नको, असं त्यांनी भुवनला कन्नडमध्ये सांगितलं. गुरुवारी येऊ का, त्याने विचारलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. भुवनने वरच्या खिडकीकडे पाहून हात जोडले आणि ऑटो वळवला.

त्या वर आल्या. ऑटो गेल्याचं अंबाजीरावांनी ऐकलं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ बाईंनी त्यांना पाणी मोजून दिलं होतं, अर्धी वाटी, पाव वाटी, कारण अंगात गेलेलं पाणी बाहेर पडत नसे. ते मागत, त्या रागवत. एकदा तर रडून मागितलं तरी दिलं नव्हतं. आज त्यांनी तांब्या घासला, माठातलं पाणी काठोकाठ भरलं आणि पलंगापाशी नेलं.

अंबाजीरावांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि न थांबता प्यायले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. तांब्या रिकामा झाला.

“अजून आणू?” नर्मदाबाईंनी विचारलं.