ज्याचे दुखणे, त्याच्याच नावाची खाट

मालतीताई बागुल यांची आणि माझी पहिली भेट कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात झाली, असे आमच्यातले काही जण सांगतात. ते चुकीचे आहे. कारखान्यात ताई कधी आल्याच नाहीत. भेट झाली ती लिंबायतच्या कामगारवस्तीत, त्यांच्या घराच्या ओट्यावर. एक खोटे कसे निभवायचे, हे विचारायला आम्ही गेलो होतो. त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात मी लिहावे असे समितीने सुचवले. माझी शाळा सातवीपर्यंतची, पुढचे सारे आपले आपण वाचून मिळवलेले. पण जे लिहितो ते पडताळून लिहितो.

ताई तेव्हा एका दवाखान्यात परिचारिका होत्या. ड्यूटी संपली की ओट्यावर बसत; कोणी आजारी आला की जेवणावरूनही उठत. ज्याच्याकडे कामगार विम्याचे कार्ड नाही, अशा माणसाने आजारपणात जायचे कुठे, हे त्या सांगत. मोफत खाट कुठे आहे, औषध कोणता ट्रस्ट देतो, विम्याचा हक्क असून तो कोणाला मिळालेला नाही, याचा शोध त्या सतत घेत असत. वाट नसली तर तेही तोंडावर सांगत. खोटी आशा लावणे त्यांना कधी जमलेच नाही.

हिरामण माझ्या शेजारच्या लूमवर होता. त्याचा हर्निया फार वाढला, आतडे अडकायची भीती निर्माण झाली. आमच्या मालकाने अर्ध्याच माणसांचा विमा उतरवला होता आणि हिरामण उरलेल्या अर्ध्यांत होता. त्याचा चुलतभाऊ नथू आमच्याच कारखान्यात; त्याच्याकडे कार्ड होते. आम्हां खान्देशी लोकांत भावाला नाही म्हणायची रीत नाही. सायकल द्यावी, राहायला खोली द्यावी, तसे नथूने कार्ड दिले. हिरामण विम्याच्या इस्पितळात नथू होऊन दाखल झाला.

सिस्टर नथू म्हणून हाक मारायच्या आणि हा छताकडे बघत पडून राहायचा. मग डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरवले आणि बायकोची सही मागितली. कोणाच्या बायकोची? नथूची बायको भडकली. "मना नवरा घर जेवी ऱ्हायना, नि तठे त्यानं पोट फाडी ऱ्हायनात," ती म्हणाली. नवरा घरी जेवतोय आणि तिथे त्याचे पोट फाडतायत, हे ऐकून आम्हांला हसू आले, पण हिरामणच्या बायकोकडे, सरलाकडे पाहून ते तोंडातच राहिले.

त्याच संध्याकाळी आम्ही ताईंच्या ओट्यावर गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. फक्त नथूला म्हणाल्या, "भाऊ, तो बरा झाला तर ठीकच आहे. पण काही कमीजास्त झालं, तर कागदावर तू गेलास. मग या सरलाने कोणाच्या नावाने रडायचं?"

खरे सांगितले तर हिरामण रस्त्यावर येईल, ही आमची भीती होती. ताईंना ती आमच्याआधी कळली होती. त्यांची कामाची पद्धतच अशी, की खरे बोलायला पाठवण्याआधी दुसरी खाट बघून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच, ऑपरेशनआधी, त्या सरकारी इस्पितळात गेल्या, तिथल्या डॉक्टरांना भेटून जागा नक्की केली आणि मगच नथूला आणि मला घेऊन विम्याच्या अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

जाताना वाटेत म्हणाल्या, "दया मागायला मी येत नाही. हिरामण तुमच्याच कारखान्यात राबतो, म्हणजे विमा त्याचाही हक्क आहे. पण तो राबतो हे मी कशी सांगणार? ते तुम्ही सांगायचं."

अधिकारी संतापले, आणि त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. नथूने मान खाली घालून कार्ड दिल्याचे कबूल केले. हिरामण आमच्यासोबत काम करतो, हे आम्ही दोघांनीही सांगितले. चौकशी लागली. हिरामणला त्याच दुपारी ठरलेल्या खाटेवर हलवले. तिथे सिस्टरने "हिरामण" म्हणून हाक मारली, तेव्हा त्याने इतक्या मोठ्याने ओ दिली की शेजारचा म्हातारा दचकला. ऑपरेशन नीट पार पडले.

मालकाने आम्हां दोघांना दुसऱ्या दिवशीपासून येऊ नका म्हणून सांगितले. संध्याकाळी ताई माझ्या घरी आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "भाऊंवर चिडू नका, त्यांना बोलायला मी लावलं." खरे तर त्यांनी फक्त सुचवले होते, बोललो ते आम्ही आमच्या मर्जीने. घरात मला बसणारी बोलणी त्यांनी स्वतःवर घेतली, एवढेच. आम्हां दोघांना शेजारच्या गोडादऱ्यात दुसरे काम मिळेपर्यंत त्या अधूनमधून विचारपूस करून जात.

हिरामणच्या पुढच्या औषधांसाठी त्या एका ट्रस्टच्या शेठजींकडे गेल्या. शेठजी म्हणाले, आम्ही मदत लहान मुलांना करतो, मोठ्या माणसांना नाही. ताई गुजरातीत एवढेच म्हणाल्या, "शेठ, ए नानां छोकरांनो बाप छे." हा लहान मुलांचाच बाप आहे, असे. औषधे मिळाली.

चौकशीला वेळ लागला, पण हिरामणला त्याच्या नावाचे कार्ड मिळाले. नथूचे काही काळ बंद राहून नव्या कामावर पुन्हा सुरू झाले. त्यानंतर कारखान्यातले बाकीचे लोक आपणहून आपला हक्क सांगू लागले.

आज ताईंच्या ओट्यावर संध्याकाळी हिरामण बसतो. आलेल्याला वाट दाखवतो, अडले तरच ताईंना हाक मारतो. तेव्हा ताई, आता अर्ध्या घासावरून उठू नका. पोटभर जेवा, दुपारी स्वस्थ झोपा, नातवंडांची लग्ने धडधाकट पायांनी मिरवा. बाहेर कोणी आजारी आला असेल, तर आम्ही आहोत.